घड्याळाचे दात घासताना

लोणी काळभोरला सोलापूर महामार्गालगत राहायचं आणि घड्याळाची काच नितळ ठेवायची, हे धाडसच. तेल डेपोंचे टँकर जी धूळ उडवतात, तिच्यात गारेचे कण असतात. मोहस मापावर गार ७, साधी काच साडेपाचच्या आसपास. काच शर्टाला पुसली, की ओरखडा हजर.

मग आजोबांची एचएमटी ‘जनता’ कपाटातून बाहेर येते. सिटिझनच्या मदतीने १९६१ साली बंगळूरला उभ्या राहिलेल्या कारखान्याचा हा वंशज. कारखाना २०१६ मध्ये सरकारने मोडीत काढला, पण घराघरांतली दुरुस्ती खाती जोरात आहेत! ‘जनता’ची काच अ‍ॅक्रिलिकची. पांढरी टूथपेस्ट, सुती फडकं, गोल गोल घासा. बारीक चरे खरंच जातात. स्वतःचे दात दोन मिनिटंही न घासणारा गृहस्थ घड्याळाचे अर्धा तास घासतो. कडेला चिकटपट्टी लावायची मात्र राहते. काच उजळते, शेजारचा मुलामा जातो आणि पितळ दात दाखवतं.

यशाची धुंदी वाईट. पुढची पाळी जावयाच्या नीलम काचेच्या घड्याळाची. तिची कठीणता ९! चरा जागच्या जागी, घड्याळाला फक्त लवंगेचा वास. वर सासरेबुवांचा दिलासा, “जावईबापू, फरक पडलाय, उन्हात धरून बघा.”

‘जनता’चं मात्र सोनं झालं. वीस मिनिटं मागे चालते, हे आता कवडीपाट नाक्यावरूनही स्पष्ट दिसतं.