ऑस्करचे बाबा

माझे थोरले साडू बँकेतून निवृत्त झाले तेव्हा त्यांना स्वतःचं नाव होतं. आता ते कुणाच्या लक्षात नाही. सोसायटीचा वॉचमन, दूधवाला, बागेतल्या हास्यक्लबातली मंडळी, इतकंच काय त्यांच्या रक्तदाबाचे डॉक्टरसुद्धा त्यांना 'ऑस्करचे बाबा' म्हणतात. ऑस्कर हा लॅब्रॅडॉर. वय चार वर्षं, वजन अडतीस किलो. त्यातले आठ किलो आमच्या मेहुणीच्या मायेचे.

दोन वर्षांपूर्वी साडूभाऊंचा फोन आला. "चला हो, मुधोळला जाऊन येऊ. वाटेत चार माणसं भेटतील." मेहुणीचा गुडघा धरला होता आणि ऑस्करला मागच्या सीटवर एकटं बसवत नाहीत, हे मला गाडीत बसल्यावर कळलं. माणसं भेटतील यावर मी विश्वास ठेवला, ती चूक माझीच.

डिकीत ऑस्करची गादी, दोन वाडगे, पाण्याचा कॅन, तीन टॉवेल आणि उकडलेल्या चिकनचा डबा होता. माझी बॅग माझ्या मांडीवर. ऑस्करचं लसीकरणाचं पुस्तक प्लास्टिकच्या पाकिटात घालून साडूभाऊंनी खिशात ठेवलेलं. (त्यांच्या मुलीची दहावीची गुणपत्रिका त्या घरात अजून सापडायची आहे.) कात्रजचा बोगदा ओलांडेपर्यंत मला ऑस्करचं पथ्यपाणी तोंडपाठ झालं. द्राक्षं नाहीत, चॉकलेट नाही, कांदा-लसूण तर मुळीच नाही. कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. कांदा-लसूण वर्ज्य आणि कोंबडी चालते, असा वैष्णव मी प्रथमच पाहत होतो. माझा वडापाव मी त्यातल्या लसणीच्या चटणीपायी रस्त्याच्या कडेला उभ्याने खाल्ला. गाडीच्या काचेला नाक लावून ऑस्कर प्रत्येक घास मोजत होता.

"त्याला भूक आवरत नाही, त्यात त्याचा दोष नाही," साडूभाऊ म्हणाले. "केंब्रिजवाल्यांनी २०१६ साली शोधून काढलंय. साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरच्या एका जीनचा तुकडाच गायब असतो. पोट भरलंय हा निरोपच मेंदूला नीट जात नाही." मी दुसरा वडापाव मागवला तेव्हा मात्र ते म्हणाले, "जरा वजनाकडे बघा राव." माझ्यावर केंब्रिजमध्ये अजून काम झालेलं नाही.

पुण्याहून जाताना खंबाटकीचा घाट चढावा लागला. बोगदा परतीच्या वाटेवर होता. एका वळणावर ऑस्करने सकाळचं चिकन माझ्या पँटवर परत केलं. साडूभाऊंनी गाडी कडेला घेतली, धावत येऊन मागचं दार उघडलं आणि कळवळून विचारलं, "आता बरं वाटतंय का रे?" मी "हो" म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

साताऱ्यात 'कॉफी'कडे उतरायचं होतं. कॉफीच्या मालकांचं आडनाव साडूभाऊंना ठाऊक नव्हतं. त्यांच्या फोनमध्ये नोंद होती ती 'कॉफी आई सातारा' अशी. त्याखाली 'शेरू बाबा कराड', 'लिओ आजी सांगली'. ओळखी कुत्र्यांच्या प्रदर्शनांत, दवाखान्यांच्या बाकांवर झालेल्या. माणसांची नावं विचारायचं राहून गेलेलं. मला वाटलं, आता पत्ता सापडत नाही. पण कोपऱ्यावरच्या पानवाल्याला "कॉफीचं घर कुठं?" म्हणताच त्याने चुन्याचं बोट वर करून दुसरा मजला दाखवला.

दार उघडलं. "आला गं माझा राजा!" असं म्हणत एक बाई हात पसरून पुढे आल्या आणि माझ्या बाजूने निघून गेल्या. कॉफी आणि ऑस्कर यांनी एकमेकांच्या शेपटीखालचा वास घेतला आणि अर्ध्या मिनिटात त्यांची ओळखपाळख आटोपली. माणसांना मात्र तेवढ्याच माहितीसाठी दीड तास लागला. गोचिडांवर कुठला स्प्रे? नखं घरी कापता की दवाखान्यात? "आणि शी कशी होते?" या प्रश्नाला साडूभाऊंनी रंग, घट्टपणा आणि वेळ यांसह असं सविस्तर उत्तर दिलं की माझ्या ताटलीतले पोहे गार झाले. भिंतीवर सगळे फोटो कॉफीचे. एका फोटोत कडेला कुणाचा तरी खांदा होता. ते कॉफीचे बाबा असावेत. मी माझं नाव सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, "अच्छा, आणि तुमच्याकडे कोण आहे?" बायको आणि दोन मुलगे, असं म्हटल्यावर त्यांनी मला आणखी पोहे वाढले नाहीत.

खरं सांगायचं तर मला थोडा हेवाही वाटला. हेच साडूभाऊ तीस वर्षं बँकेच्या काउंटरपलीकडे बसून कुणाशी गरजेपेक्षा एक शब्द जास्त बोलले नव्हते. माझ्याशी तर लग्नानंतर सात वर्षं त्यांचं संभाषण 'कधी आलात' आणि 'निघालात का' एवढंच होतं. आणि इथे ते एका परक्या घरात जमिनीवर मांडी घालून, पायजम्यावर केसांचा थर घेऊन खदखदून हसत होते.

कराडला मला प्रीतिसंगमावर यशवंतरावांच्या समाधीपाशी घटकाभर बसायचं होतं. पण लॅब्रॅडॉरच्या बोटांमध्ये पडदे असतात आणि त्याचे पूर्वज न्यू फाउंडलंडच्या कोळ्यांची जाळी ओढत, हे ऑस्करला नदी दिसताच आठवलं. नंतरचा तासभर मी टॉवेल घेऊन उभा होतो. शेरू आणि लिओ यांच्याकडचे मुक्काम साताऱ्यासारखेच झाले. फक्त पोह्यांच्या जागी एकीकडे शिरा होता.

मिरज, अथणी, जमखंडी करत मुधोळ तालुक्यात पोचलो ते तिसऱ्या दिवशी. मुधोळ म्हणजे घोरपड्यांचं जुनं संस्थान. आपल्याकडे ज्याला कारवान म्हणतात तो शिकारी कुत्रा इथे गावाचंच नाव लावतो. २००५ साली तो पोस्टाच्या तिकिटावर आला, २०१६ मध्ये इथली पिल्लं लष्कराच्या मीरतच्या केंद्रात प्रशिक्षणाला गेली. साडूभाऊ वाटभर हे सगळं ऑस्करला सांगत होते.

ज्या शेतकऱ्याकडे गेलो तो साठीचा, शिडशिडीत. त्याची दोन कुत्री खळ्याच्या कडेला उभी होती. लांबट तोंड, पोट पाठीला लागलेलं, बाजूने पाहिली तर कुत्री आणि समोरून पाहिली तर रेघ. ती ना भुंकली, ना शेपटी हलवत आली. लांब कुठेतरी, बांधापलीकडे काहीतरी हललं होतं, तिकडे बघत राहिली. साडूभाऊंनी त्यांचं खाणंपिणं विचारलं. "भाकरी, दूध," म्हातारा म्हणाला. गादी? त्याला प्रश्न कळला नाही.

मग त्याने ऑस्करकडे पाहिलं. ऑस्कर बाभळीच्या सावलीत उताणा पडून पोट खाजवून घ्यायची वाट बघत होता.

"ह्यो काय करतोय?" त्याने सीमाभागातल्या मराठीत विचारलं.

"काय करतो म्हणजे?"

"राखण करतोय? पळतोय?"

साडूभाऊ गप्प झाले. स्थळ बघायला गेलेल्या बापाला मुलाच्या नोकरीचं विचारावं, तसा त्यांचा चेहरा झाला. शेवटी हळूच म्हणाले, "तो... घरीच असतो."

म्हाताऱ्याने समजूतदारपणे मान हलवली. "असू दे. आमचा थोरला बी घरीच असतोय."

परतीच्या वाटेवर साडूभाऊ जवळजवळ बोललेच नाहीत. लिओच्या आजीचा फोन आला तोही उचलला नाही. मागे ऑस्कर माझ्या मांडीवर डोकं टाकून घोरत होता आणि माझ्या दुसऱ्या पँटवर लाळेचा ओला नकाशा उमटत होता. मला काहीतरी बोलावंसं वाटलं, पण कुत्र्यांच्या बाबतीत सांत्वन कसं करतात हे मला माहीत नव्हतं.

खंबाटकीच्या बोगद्यात मागच्या ट्रकवाल्याने कर्णा वाजवला. ऑस्कर दचकून उठला, काचेकडे तोंड करून एकदाच भुंकला, आणि लगेच माझ्या बगलेत डोकं खुपसून बसला.

साडूभाऊंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"बघा," ते म्हणाले. "राखण."