वाघीण आणि वेल्क्रो

(रंगमंचावर खुर्ची, तिच्यावर जॅकेटांचा ढीग. पन्नाशीचे एक गृहस्थ डोळे मिटून एक जॅकेट कानाशी धरतात आणि त्याची बाही चुरगाळतात.)

श्शू! ऐकू द्या जरा... फर्रर्र! नाही चालायचं. (जॅकेट भिरकावतात.)

दुकानदार म्हणाला, "काका, वॉटरप्रूफ आहे, विंडप्रूफ आहे." म्हटलं, "घोडीप्रूफ आहे का?" तेव्हापासून तो माझ्याशी जरा लांबूनच बोलतोय.

त्याचं तरी काय चुकलं म्हणा! वेण्णा लेकला दवबिंदू गोठल्याची बातमी दर थंडीत पेपरात येते. ती वाचून लोक दुलई वर ओढतात, मी महाबळेश्वरची घोडी ठरवतो. घोडीचं नाव वाघीण. उडती कॅरीबॅग दिसली की ही वाघीण पाचगणी गाठते!

आपल्याला फार तर २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, घोड्याला साधारण ३३ हजारांपर्यंत. वर कान दोन्ही स्वतंत्र फिरणार, १८० अंशांत. एक कान रस्त्यावर, दुसरा माझ्या बगलेवर! आमच्या घरात माझ्याकडे इतकं लक्ष कुणी दिलेलं नाही.

(वेल्क्रो उघडतात.) चर्रर्र! रानात हा आवाज कधी येत असेल? कुणीतरी कुणाला तरी फाडतंय, तेव्हा!

मग फ्लीस. गप्प कापड. पण कोरड्या थंडीत अंगावर घासलं की चटका मारतं. मी प्रेमानं मानेवर हात ठेवणार आणि घोडीला शॉक! घोंगडी? ऊबदार, मुकी, आपली. पण टोक वाऱ्यावर फडफडलं की वाघिणीच्या डोळ्यात तीच कॅरीबॅग. घोड्याचे डोळे बाजूला असतात, त्यांना मागचंही दिसतं. मफलर? आत खोचा. माकडटोपी? ती घालून मलाच काही ऐकू येत नाही, म्हणजे दोघांपैकी एक तरी शांत!

शेवटी लोकरीचा स्वेटर. अंगाबरोबर आणि समोर बटणं. हो, बटणंच! डोक्यातून काढायचा स्वेटर घोड्यावर बसून काढून बघा. लगाम सुटलेला, तोंड झाकलेलं, दोन्ही हात वर. घोडीला वाटायचं, हा शरण आला! बटणंसुद्धा उतरल्यावरच सोडायची, हा भाग वेगळा.

राहिले खिसे. खिशात किल्ल्या, सुटे पैसे, खण् खण्! बायकोनं सरळ खिसेच शिवून टाकले.

(प्रकाश बदलतो. थंडीनं कुडकुडत.)

वेण्णा लेक. पहाट. मी असा निःशब्द, की माझं मलाच ऐकू येत नव्हतं. आधी जमिनीवरच उभा राहून स्वेटर तिला हुंगायला दिला. शिस्त म्हणजे शिस्त. तिनं तोंड फिरवलं.

तेवढ्यात धुक्यातून आवाज आला. फर्रर्र! फर्रर्र! घोडेवाला! अंगात नायलॉनचं जॅकेट, असं कडक की उभं केलं तर एकटं चालेल. मी ओरडलो, "अहो, बुजेल ती!"

तर वाघीण कान टवकारून तुरूतुरू त्याच्याकडे! नाक थेट त्याच्या खिशात!

तो म्हणाला, "हिला काय भ्याव, सायेब? ह्यो आवाज आला म्हंजे हरभरं आलं, ठावं हाय तिला." आणि मूठभर हरभरे माझ्यापुढं धरले. "घ्या. तुमीबी ठेवा खिशात."

(स्वेटर दोन्ही बाजूंनी चाचपत, प्रेक्षकांकडे बघत.)

कुणाकडे कात्री आहे का हो?

(अंधार.)