पोच घेणारे मामा

मामा घरात आले की पाणी विचारायच्या आधी "आज कोणाला दिलं?" असं विचारायचं, ही आमच्याकडची पद्धत. द्यायचं म्हणजे निवेदन. जिल्हाधिकाऱ्यापासून वनरक्षकापर्यंत, निवेदन हातात धरू शकेल असा एकही इसम मामांनी चंद्रपूर-गडचिरोलीत शिल्लक ठेवलेला नाही. एकदा साहेब दौऱ्यावर गेले होते, तर मामांनी साहेबांच्या शिपायाला निवेदन दिलं, त्याला त्यातल्या मागण्या वाचून दाखवल्या आणि त्याचं मतही विचारलं. पण निवेदन हा झाला वरवरचा भाग. मामांचा खरा जीव आहे तो पोचेवर. दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का, खाली तारीख आणि कोपऱ्यात वाकडी सही पडली की त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते मामींच्या म्हणण्यानुसार लग्नातही आलं नव्हतं.

"निवेदन कोणीही देते बाप्पा. पोच घेऊन दाखवा!"

याचं कारण असं की मामांनी स्वतः अख्खी नोकरी एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढली. ज्या कागदाची नोंद नाही तो कागद जन्मालाच आलेला नसतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? त्यात कचेरी पाटबंधाऱ्याची. ऐंशीच्या दशकात बाबा आमट्यांनी इंद्रावतीवरच्या भोपालपट्टणम आणि गोदावरीवरच्या इचमपल्ली या धरणांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' सुरू केलं, तेव्हा मामांची पंचाईत झाली. धरणं बांधणाऱ्या खात्याचा पगार घ्यायचा आणि धरणांविरुद्ध घोषणा द्यायच्या! मामांनी रीतसर मार्ग काढला. किरकोळ रजेचा अर्ज टाकला, कारण लिहिलं 'प्रकृती अस्वास्थ्य', आणि स्वतःच्या त्या अर्जाचीही पोच घेतली. पुढे ती धरणं झाली नाहीत. त्यात आपल्या रजेचा वाटा किती, यावर मामा अजून विनयाने बोलतात. विनय साधारण अर्धा तास चालतो.

या वाटेला ते लागले कॉलेजात असताना. मूलजवळ सोमनाथला बाबांची श्रमसंस्कार छावणी भरायची, अजूनही भरते. मे महिन्यात, चंद्रपूरच्या उन्हात! पहाटे उठवायचं, घमेली उचलायला लावायची, दुपारी झाडाखाली देशाच्या प्रश्नांवर चर्चा. मामा म्हणतात, मी समाजाच्या ओढीने गेलो. मामी म्हणतात, वर्गातली एक मुलगी गेली म्हणून हे गेले. ती मुलगी म्हणजे मामीच असल्यामुळे या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा मानावा लागतो. मामी छावणीतून परत आल्या. मामा अजून छावणीतच आहेत. घरात पाहुणे झोपले की पहाटे पाचला यांची शिट्टी होते. मग मामी उशीत तोंड खुपसून म्हणतात, "वाजवा. घमेली अंगणात आहेत."

सोमनाथच्या पुढची पायरी हेमलकसा. बाबांनी तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला २३ डिसेंबर १९७३ला आणि डॉक्टर प्रकाश व मंदाकिनी आमटे ऐन तारुण्यात त्या जंगलात माडियांमध्ये राहायला गेले, हे मराठी वाचकाला सांगायला नको. मामा तिथे पहिल्यांदा गेले ते पंचाहत्तरच्या सुमारास, लाकडाच्या ट्रकवर बसून. ही त्यांची आयुष्यभराची ज्येष्ठता. या मंडळींत वय कोणी विचारत नाही, कशाच्या आधीचा ते विचारतात. कोणी मॅगसेसेच्या आधीचा, म्हणजे २००८ पूर्वीचा. कोणी डांबरी रस्त्याच्या आधीचा. मामा १९७६ साली आश्रमशाळा निघाली त्याच्याही आधीचे, त्यामुळे त्यांच्यापुढे बोलायची कोणाची टाप नाही. २०१४मध्ये नाना पाटेकरांचा सिनेमा आला आणि हेमलकशाला गाड्यांची रांग लागली, तेव्हा मामा बरेच दिवस खट्टू होते. सिनेमा चांगला होता हे त्यांना मान्य आहे. तो पाहून माणसं येतात, हे मान्य नाही.

मधल्या काळात एका उन्हाळ्यात त्यांनी प्रकाशभाऊंसारखी पांढरी अर्धी चड्डी आणि बनियन असा पोशाख स्वीकारला होता. भोवतालच्या माणसांना अंगभर कपडे नाहीत म्हणून तिकडे तो पोशाख आला. इकडे चंद्रपुरात आमच्या गल्लीत सगळे पूर्ण पँटीत होते. मामी चार दिवस काही बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "प्रकाशभाऊंच्या अंगणात बिबट्या बसते. आपल्या अंगणात दूधवाला येते. तुम्ही पँट घाला." मामांनी घातली. बनियन मात्र तत्त्व म्हणून ठेवली.

खांद्यावर शबनम आलीच. तिच्यात अंगठ्यांसाठी स्टॅम्पपॅड, कार्बन पेपर (झेरॉक्सवाल्याकडची लाइट जाते म्हणून), सुतळी, शिट्टी, ओडोमॉस, शेंगदाण्याची चिक्की आणि एक बॅनर. या बॅनरवर वर कायमचं 'धरणे आंदोलन' आणि खाली कायमचं 'झालीच पाहिजे' असं रंगवलेलं आहे. मधली जागा कोरी. तिथे त्या त्या वेळची मागणी वेगळ्या कापडावर लिहून टाचण्यांनी लावायची. एकदा घाईत टाचण्या सुटल्या आणि 'धरणे आंदोलन झालीच पाहिजे' एवढंच फडफडत राहिलं. मामांना काही वावगं वाटलं नाही.

धरण्याला माणसं किती होती, हे मामा नेहमी पोलिसांना धरून सांगतात. गोपनीय शाखेचा एक हवालदार साध्या वेशात यायचा आणि वहीत नावं लिहायचा. मामा त्याला नावांची शुद्ध रूपं सांगायचे, पाणी द्यायचे, कोण उशिरा येणार आहे तेही सांगायचे. एका पावसाळ्यात युद्धविरोधी धरण्याला मामा धरून तिघंच जमले. चौथा माणूस नसला की धरणं दिसत नाही, असं मामांचं मत. शेवटी तो हवालदारच छत्री मिटून सतरंजीवर बसला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, त्यात सर्वांत गंभीर चेहरा त्याचा. तो आता निवृत्त झालाय आणि सतरंजी तोच आणतो.

नवा विचार दिसला की मामा तो आधी घरात लावून बघतात. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला ते जाऊन आले तेव्हाची गोष्ट. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथे बहुमताऐवजी सर्वसहमतीची रीत रुजवली. सगळ्यांचं एकमत होईस्तोवर ग्रामसभा निर्णयच घेत नाही. याच गावाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११मध्ये स्वतःच्या बांबूचे वाहतूक परवाने स्वतः द्यायचा अधिकारही. मामा भारावून परतले आणि जाहीर केलं की आजपासून या घरात बहुमत बंद. पहिला विषय संध्याकाळची भाजी. वांग्याला थोरल्याचा विरोध, दोडक्याला धाकटीचा, आणि मामा अध्यक्ष नको म्हणता म्हणता अध्यक्ष. रात्री दहा वाजता सर्वसहमतीने भूक लागली. तेव्हा मामींनी कुकर चढवला. मेंढ्याची घोषणा मामांनी आल्या आल्या भिंतीवर लावली होती: 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.' मामी तिच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "दिल्ली-मुंबईत कोणाचंही असो, या ओट्यावर मीच सरकार. खिचडी खा."

दारूबंदीच्या बाबतीत मात्र घरात कधी मतभेद झाला नाही. डिसेंबर २०१०मध्ये चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर बायका पायी निघाल्या तेव्हा मामा-मामी दोघं त्यात होते. मामींनी चालत वाट काढली. मामांची चप्पल तुटली, पाय सुजले, आणि डोक्यावर गाठोडं घेतलेल्या बायाच त्यांना म्हणायला लागल्या, "मामाजी, तुम्ही पाण्याच्या गाडीवर बसा न." १ एप्रिल २०१५ला चंद्रपुरात बंदी आली. २०२१मध्ये ती उठली. त्या संध्याकाळी मी फोन केला, तर मामी म्हणाल्या, "लिहून राह्यले. जेवले नाहीत."

दरवर्षी थंडीत ते पोरापोरींना हेमलकशाला नेतात. बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी करत गाडी आलापल्लीला येईपर्यंत मामांचे नियम सांगून व्हायचे असतात. विचारल्याशिवाय फोटो नाही. चॉकलेटं वाटायची नाहीत. कोणाच्याही घरात डोकावून 'किती साधं जीवन' म्हणायचं नाही. आलापल्लीपुढे सागवान दाट झाला की ते येईल त्याला 'जोहार' घालू लागतात. एकदा पेरमिलीजवळ त्यांनी डोक्यावर मोळी घेतलेल्या एका म्हाताऱ्या बाईला मोठ्याने "जोहार!" घातला. तिने जोहार परत केला आणि चांगल्या मराठीत विचारलं, "गाडी बिघडली का?"

हेमलकशात पोचलं की पोरांना सेवा करायची घाई होते. मामा त्यांना दवाखान्याच्या आवारात झाडाखाली बसवतात. पेशंटबरोबर अख्खं घर आलेलं असतं, तीन दगडांवर भात शिजत असतो, कोंबडीही सोबत असते. "आता दोन तास कोणाच्या पायात यायचं नाही. हीच सेवा," मामा सांगतात. शिट्टी वाजवणारा हाच माणूस तिथे इतका गप्प बसतो की नव्या पोरांना त्याची काळजी वाटते.

गप्प बसायला ते शिकले त्याला कारण घडलं. ऑक्टोबर २००९मध्ये भामरागड तालुक्यात लाहेरीला नक्षलवाद्यांनी १७ पोलीस मारले. मामा पेटून उठले. दोन्ही बाजूंच्या बंदुकांविरुद्ध भामरागडला शांतता फेरी काढायची, पर्लकोटा-पामुलगौतमी-इंद्रावतीच्या संगमावर शपथ घ्यायची, असा बेत. बॅनरच्या मधल्या जागेत टाचण्यासाठी 'शांतता'चं कापड लिहून झालं. तिकडच्या एका गावातला शाळामास्तर मामांचा जुना दोस्त. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मामा, तुम्ही घोषणा देऊन संध्याकाळी आलापल्लीला जासाल. रात्री दारावर कोण येईल आणि सकाळी कोण विचारपूस करंल, ते आम्हाले पाहा लागते." मामांनी बॅनर गुंडाळला. मग विचारलं, "मंग तुमच्या कामाचं काय करू?"

मास्तर म्हणाला, "बस थांबत नाही आमच्या फाट्यावर. बाळंतिणीले, तापाच्या पोराले हेमलकशाले न्यायचं तर आतून चालत यायचं अन् बस डोळ्यांसमोरून जाते. तेवढं पाहा."

फेरीऐवजी निवेदनं सुरू झाली. संबंधित कार्यालयाने विषय वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवला, वरिष्ठांनी अभिप्रायासाठी पुन्हा संबंधितांकडे. प्रत्येक फेऱ्याची पोच मामांच्या फायलीत तारीखवार आहे. अधिकारी बदलले, टेबलं बदलली, आवक-जावकच्या बाई निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी त्यांची भाची लागली आणि तीही मामांना मामाच म्हणायला लागली. अखेर फाट्यावर 'विनंती थांबा' मंजूर झाल्याचं पत्र आलं. मामांनी ते पत्र आणलं, चारदा वाचलं, आणि पोच द्यायला स्वतः गेले.

तोवर गावात मोटारसायकली आल्या होत्या. आजारी माणूस दोघांच्या मध्ये बसून थेट दवाखान्यात पोचायला लागला. थांब्यावर चढणारं-उतरणारं फारसं कोणी राहिलं नाही. पण ज्या घरी गाडी नाही अशी चार-दोन घरं आतमध्ये आहेत, मामांनी ती जाऊन पाहिली आहेत, आणि उद्या 'प्रतिसाद नाही' असा शेरा पडून थांबा गेला तर ती पुन्हा पायी. म्हणून मामा तिकडे गेले की आवर्जून बसने जातात, फाट्यावर बेल मारायला लावतात, उतरतात, आणि कंडक्टरला "थांबा चालू आहे बरं का" असं बजावून मागच्या बसची वाट पाहत बसतात.

मागच्या हिवाळ्यात त्यांनी मलाही उतरवलं. मागची बस कधी येते असं विचारलं तर म्हणाले, "येते." रस्त्याच्या दोन्ही बाजूला साग, ऊन डोक्यावर, बसायला मैलाचा दगड तेवढा. त्यावर मामा बसले, मी उभा. अर्ध्या तासाने आतल्या वाटेने एक बाई लेकराला पाठीशी बांधून आली आणि काही न बोलता आमच्यापासून थोडं लांब, सावलीत टेकली. मामांनी जोहार घातला नाही. नुसती मान हलवली आणि चिक्कीचा तुकडा त्या दगडावर ठेवून स्वतः उठून उन्हात आले. चॉकलेटं वाटायची नाहीत हा नियम त्यांचाच. चिक्की त्यात येत नाही, असं ते मला हळू आवाजात म्हणाले.

मग त्यांनी शबनममधून कोरा कागद काढला, खाली कार्बन घातला, माझी पाठ टेबलासारखी वाकवून घेतली आणि विषय लिहायला सुरुवात केली: 'प्रवासी निवारा मिळणेबाबत.'