मधली दांडी

सायकलवर टांग मारून बसता येतं, या एका कौशल्यावर आम्हा पुरुषांचा केवढा तरी आत्मविश्वास उभा आहे. माझा तर नक्कीच. विद्या, संपत्ती आणि केस या तिन्ही खात्यांत मिरवण्यासारखी शिल्लक नाही. पण डावा पाय पायडलवर, उजव्या पायाने जमिनीला दोन रेटे, आणि मग तोच पाय मागून गरकन फिरवून सीटवर स्वार, एवढं जमतं म्हणून मी स्वतःला मराठी घोडदळाचा थेट वारसदार समजतो. या पराक्रमातली मेख अशी की ज्या अडथळ्यावरून टांग टाकायची, तो कारखान्यातूनच बसवून मिळतो. ती मधली दांडी. १८८५ साली इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीत जॉन केम्प स्टार्ले याने ‘रोव्हर’ नावाची सायकल आणली आणि पुढच्या काही वर्षांत सायकलीचा सांगाडा आज दिसतो तसा झाला. त्या दांडीचा पौरुषाशी काडीचा संबंध नव्हता. नळ्या त्रिकोणात जुळवल्या की सांगाडा हलका राहून भार सोसतो, एवढाच तो हिशेब. मग बायकांसाठी दांडी काढली, कारण व्हिक्टोरिया राणीच्या काळातला पायघोळ झगा तिच्यावरून जाईना. दांडी काढली की सांगाडा लेचापेचा होतो, म्हणून उरलेल्या नळ्या जाडजूड कराव्या लागल्या. आणि जिला नाजूक म्हणून वेगळी सायकल दिली, तिच्याच वाट्याला जड सायकल आली. पुढे झगा गेला, राणी गेली, साम्राज्यही गेलं, पण दुकानात जेंट्स आणि लेडीज अशा दोन रांगा अजून उभ्या आहेत. आमच्याकडे धानाची पोती वाहणाऱ्या काळ्या सायकलींना तर एकाखाली एक अशा दोन दांड्या असत. ते वजनासाठी होतं हे मला कळतं. तरी एका दांडीने गिऱ्हाइकाची स्वतःविषयी पुरती खात्री पटत नसावी, हा संशय जात नाही.

दांडीचं माहात्म्य इथे संपत नाही, आणि मीही संपू देणार नाही. तिला टॉवेल गुंडाळला की पोराची बैठक होते, पिशवी अडकवली की बाजार होतो, आणि उभ्या सायकलीवर कोपर टेकून गप्पा मारायच्या तर तिच्याइतका सोयीचा टेकू पानठेल्यावरही मिळत नाही. लहान पोराला तिच्यावरून टांग टाकता येत नाही, म्हणून ते खालून पाय घालून, अंग वाकडं करून, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने सीट धरून कैची चालवतं. त्या वयात मुलगा आणि मुलगी सारखेच वाकडे असतात. सायकलीच्या इतिहासातली खरीखुरी समानता मला फक्त कैचीत दिसते. पुढे मुलाची टांग दांडीच्या वर जाते, मुलीला दांडी नसलेली सायकल मिळते, आणि तिथून शहाणी माणसं निसर्गनियम सांगू लागतात.

निसर्गनियम सांगणाऱ्यांत पहिले डॉक्टर होते. १८९०च्या दशकात विलायतेतल्या काही वैद्यांनी ‘सायकल-चेहरा’ नावाचा रोगच काढला. तोल सांभाळण्याच्या ताणाने डोळे खोबणीबाहेर येतात, जबडा आवळतो, कांती उडते, आणि बायकांना हे अधिक बाधतं, असं निदान. हे वर्णन मी चांगलं तपासलं आहे. ते चढावर सायकल रेटणाऱ्या माझ्या वयाच्या कोणत्याही पुरुषाला तंतोतंत लागू पडतं. दुसरे नियमवाले कपड्यांचे. साडीत सायकल जमत नाही म्हणे. पण कासोटा घातलेलं लुगडं ही तर जवळजवळ विजारच. सायकलीसाठी याहून चांगला पोशाख शिंप्याला सुचणार नाही. तो पोशाख घालणाऱ्या आज्यांना कुणी सायकल दिली नाही, आणि सायकली गावोगाव झाल्या तोवर लुगडं जाऊन गोल साडी आली होती. बरं, गोल साडीचंही काही खरं नाही. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१-९२च्या सुमारास साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवायची मोहीम निघाली. शीला राणी चुंकत तिथे जिल्हाधिकारी होत्या. शेतमजूर, खाणमजूर, अंगणवाडी सेविका अशा हजारोंनी बाया शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी तिथली एक गोष्ट नोंदवली आहे, ती माझ्या काळजाला लागली. लेडीज सायकली अपुऱ्या पडल्या म्हणून बायांनी जेंट्स घेतल्या, आणि काहींनी तर त्या मुद्दाम पसंत केल्या, कारण दांडीवर लेकरू बसवता येतं. म्हणजे आमचा किल्ला त्यांनी लढून घेतला नाही, त्याचा सरळ पाळणा केला.

तेव्हा सायकल चालवण्यात बाई आणि पुरुष यांच्यातला फरक पायांचा नाही, कपड्यांचा नाही, धाडसाचाही नाही. माझं म्हणणं असं की सायकल पुरुषाला खाली उतरवते आणि बाईला वर नेते, आणि समाजाला दोन्ही गोष्टी फार वेळ बघवत नाहीत. आमच्या भंडाऱ्यात, तुमसरला, पवनीला चाळिशीचा पुरुष रोजच्या कामाला सायकलने जाताना दिसला तर तो बहुधा मिस्त्रीच्या हाताखालचा मजूर, राईस मिलमधला हमाल किंवा दूधवाला असतो. सायकल म्हणजे त्याच्या कमाईची जाहीर नोटीस. म्हणून मिसरूड फुटलं की पोरगं ‘गाडी घेऊन द्या’ म्हणून जेवण सोडतं. याला एकच अपवाद आहे. हेल्मेट, घट्ट चड्डी आणि मोटरसायकलीच्या किमतीची सायकल असलेला प्रतिष्ठित इसम. त्याचा फोटो छापून येतो. या दोहोंच्या मधोमध माझ्यासारखे. ‘गाडी बिघडली का?’ हा प्रश्न संपायच्या आत ‘छे, तब्येतीसाठी!’ हे उत्तर आम्ही फेकतो, आणि ते हमालाशी आमची गल्लत होऊ नये म्हणून असतं, हे तब्येतीलाही ठाऊक असतं. मुलीचं उलट आहे. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून शाळा लांब असलेल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. ती सायकल घरातल्या गरिबीची खूण ठरत नाही, शिकण्याची ठरते. गावाच्या शिवेपलीकडे स्वतःच्या बळावर जायची ती तिची पहिली परवानगी असते.

हे केवळ माझ्या मनाचे खेळ नाहीत. दिल्लीच्या आयआयटीतल्या संशोधकांनी राष्ट्रीय पाहण्यांचे आकडे तपासले, तेव्हा दिसलं की ग्रामीण भारतात सायकलने शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण २००७ साली शंभरात साडेचार होतं, ते २०१७ साली अकराच्या घरात गेलं. मुलांशी असलेलं अंतर कमी झालं. दहा वर्षांत मुलींचे पाय बदलले नाहीत. दारात सायकल आली. बिहारने २००६ साली नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे देणं सुरू केलं. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासात त्यामुळे मुलींची माध्यमिक शाळेतली नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचं आणि मुलामुलींतली तफावत ४० टक्क्यांनी घटल्याचं निघालं, आणि हा फायदा मुख्यतः शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत झाला. नेदरलँड्समध्ये तर बायका पुरुषांपेक्षा जास्त सायकल चालवतात. आणखी एक गोष्ट आहे. जगात बहुतेक ठिकाणी बाईचा प्रवास आखूड आणि गाठी मारलेला असतो. लेकरू अंगणवाडीत, मग दवाखाना, मग रेशन, येताना चक्कीवरून पीठ. पुरुषाचा प्रवास सरळ असतो. घर ते काम, काम ते घर, आणि मध्ये खर्रा घोटून घ्यायला पानठेला, त्यालाही तो कामच म्हणतो. सायकल अगदी पहिल्या प्रकारच्या प्रवासासाठी घडवलेली आहे, आणि ती उभी असते ठेल्यासमोर. बाई डोक्यावर पीठ घेऊन पायी जाते.

यावर पहिला आक्षेप रस्त्याचा. वैनगंगेची रेती वाहणारे टिप्पर ज्या रस्त्यांवरून धावतात, तिथे साइडपट्टी म्हणजे खड्ड्यांची माळ. पोरीला कसं पाठवायचं? भीती खरी आहे, मला स्वतःलाच वाटते. पण टिप्पर पुढच्या सायकलीला दांडी आहे की नाही हे बघून येत नाही. त्याच रस्त्याने मुलगा गेला तर आपण रस्त्याला शिव्या घालतो, मुलगी जायची असेल तर तिला घरी बसवतो. जंगलाचं कारण सांगणाऱ्यांचंही तेच. कोका आणि नागझिरा अभयारण्यांच्या आजूबाजूच्या गावांत बाया पहाटे मोहफुलं वेचायला, उन्हाळ्यात तेंदूपानं तोडायला पायीच जंगलात शिरतात. तेव्हा वाघ कुणाला आठवत नाही. दुसरा आक्षेप एसटीचा. १७ मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, शाळेच्या मुलींना पास फुकट आहे, मानव विकासच्या निळ्या बस आहेत; मग सायकल कशाला? हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो, तिकिटासारखाच. श्रावणातल्या पावसात बस हजारपट बरी, आणि सायकल चालवणं हे काही पुण्यकर्म नव्हे. पण बस तिच्या वेळेला येते, तिच्या रस्त्याने जाते, आणि रोवणीच्या शेतापर्यंत, धानाच्या बांधीपर्यंत तर येतच नाही. तिथे बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दाटीवाटीने उभ्या राहून जातात. तिसरा आक्षेप स्कुटीचा. नर्सबाई, शिक्षिका आता स्कुटीवर फिरतात, तुम्ही कुठल्या जमान्यात? त्यांना माझा सलाम. मात्र स्कुटीला आधी किंमत मोजावी लागते, मग लायसन्स, मग रोजचं पेट्रोल, आणि या तिन्हींसाठी कुणाच्या तरी खिशाकडे पाहावं लागतं.

राहिला शेवटचा आक्षेप, तो मला चिडवतो. पुरुषांनीही सायकल सोडलीच की, मग बायकांचंच रडगाणं का? २०११च्या जनगणनेत देशातल्या शंभर घरांपैकी ४५ घरांत सायकल होती आणि २१ घरांत स्कूटर-मोटरसायकल. त्यानंतर गाड्या वाढल्या, हे डोळ्यांना दिसतंच. पण सायकल सोडून कोण कुठे गेलं ते बघा. तो गाडीच्या पुढच्या सीटवर गेला, किल्ली त्याच्या खिशात. ती मागच्या सीटवर गेली, तीही एका बाजूला दोन्ही पाय सोडून, पदर आणि लेकरू सावरत, म्हणजे जिथून तोल सांभाळणं सर्वांत अवघड तिथे. आठवी ते बारावी जी मुलगी रोज दप्तरासह आठ-दहा किलोमीटर एकटी कापत होती, तिला लग्नानंतर तालुक्याच्या दवाखान्यात जायला ‘हे रिकामे होतील तेव्हा’ थांबावं लागतं. हुंड्याला बंदी घालणारा कायदा १९६१ सालचा आहे. तरी जावयाच्या मोटरसायकलीचे पैसे पुष्कळ ठिकाणी अजून मुलीचा बापच भरतो. म्हणजे ज्या गाडीच्या मागे तिला बसवलं, ती तिच्याच माहेरच्या धानाच्या पैशातून आलेली. पाच वर्षं आपण तिच्या सायकलीचं कौतुक केलं, पालकमंत्र्यांच्या हस्ते वाटली, टाळ्या वाजवल्या, आणि चालवता येणं हा तिचा गुण आहे हे बारावीच्या निकालाबरोबर विसरून गेलो. याला मी फरक म्हणत नाही, काढून घेणं म्हणतो.

त्या सायकलींचं पुढे काय होतं हे मात्र गावात सगळ्यांना माहीत आहे. त्या बाप आणि आजोबा चालवतात. धोतर किंवा लुंगी, डोक्याला दुपट्टा, हँडलला विळा, आणि खाली पुढे जाळीची टोपली असलेली गुलाबी लेडीज सायकल. पन्नाशीनंतर गुडघे बोलू लागतात, मागून पाय फिरवणं म्हणजे डॉक्टरांना आमंत्रण, आणि बिनदांडीची सायकल वाकून नमस्कार न करताही बसू देते. घोडदळाचा वारसा सांगणारा मीही त्या टोपलीच्या सायकलीकडे आताशा जरा प्रेमाने बघू लागलो आहे. तरीही एक सूचना मांडतो. आंदणात फ्रीज, कपाट, पलंग, सोफा एवढं जातं, तर मुलीची सायकलही तिच्याबरोबर सासरी जावी. सरकारने दिली ती तिला दिली, घराला नव्हे. या सूचनेला सासरच्यांचा विरोध होईल असं मी धरून चाललो होतो, पण नीट विचार केला तर पहिला आवाज माहेरच्या अंगणातूनच उठेल: “मंग मी बांधीत कायनं जाऊ?”