दुसऱ्या सहीची मालकी

प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला किमान दोन भागधारक लागतात. पहिला ज्याचा धंदा तो. दुसरा म्हणून जे माणूस हाताशी असेल ते: बायको, आई, नाहीतर कॉलेजातला दोस्त. ‘नुसतं नावाला आहेस, इथे सही कर’ एवढ्यावर ते माणूस मालक होतं. ही रीत बंद व्हायला हवी. २०१३च्या कंपनी कायद्याने एकट्याच्या कंपनीची सोय केली आहे, २०२१पासून तिच्यावरची भांडवलाची आणि उलाढालीची मर्यादाही उठली. आता दुसऱ्याला मालक व्हायची गळ घालायचं कारण उरत नाही.

पण आधीच सही करून बसलेल्यांचं काय? नोकरी बदलते, मैत्री तुटते, नवरा-बायको वेगळे होतात. शेअर तसेच राहतात. एक शेअर असला तरी पगारदाराला साधा ‘सहज’ फॉर्म भरून प्राप्तिकर विवरणपत्र देता येत नाही. लांबचा फॉर्म घ्या, त्यात या शेअरचा तपशील लिहा, दरवर्षी.

या दुसऱ्या माणसाला बहुधा संचालकही केलेलं असतं. इथे बहुतेकजण राजीनामा लिहून मोकळे होतात. राजीनाम्याने संचालकपद जातं, मालकी जात नाही. संचालकाचं पद आधी सोडा, हे मात्र मी आग्रहाने सांगेन, कारण खरी जोखीम तिथे आहे. कंपनीने सलग तीन वर्षं वार्षिक विवरणपत्रं भरली नाहीत, तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. पैसे पूर्ण भरलेल्या शेअरच्या धन्याला कंपनीचं कर्ज सहसा चिकटत नाही. त्याने घाबरून जाऊ नये. त्याचा जाच वेगळा आहे. त्याला सुटताच येत नाही.

कारण शेअर टाकून देता येत नाहीत, कुणीतरी घ्यावे लागतात. एसएच-४ या फॉर्मवर देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही, मुद्रांक शुल्क, आणि साठ दिवसांच्या आत कागद कंपनीकडे. प्रायव्हेट कंपनीच्या नियमावलीत शेअर कुणाला द्यावेत यावर बंधनं असतातच. म्हणजे ज्याच्याशी बोलणं बंद झालंय, त्याच्याच दारात जायचं. शिवाय तुम्ही गेल्यावर तो एकटाच उरणार असेल तर त्याला नवा दुसरा शोधावा लागतो, म्हणून तो टाळाटाळ करतो.

कराचं गणितही आधी मांडा. फुकट दिले म्हणून कर नाही, असं नसतं. शेअरची रास्त किंमत पन्नास हजारांवर गेली, तर फुकट घेणाऱ्या मित्राला त्यावर कर बसतो. एक रुपयाला विकल्याचं दाखवलं, तर विकणाऱ्याचा नफाही रास्त किमतीवरच मोजला जातो. पती-पत्नी, भाऊ-बहीण अशा जवळच्या नात्यात दिलेल्या भेटीला सूट आहे. म्हणून ज्या बाईला नवऱ्याच्या कंपनीतून बाहेर पडायचंय, तिने हे काम घटस्फोटाच्या हुकुमाआधी उरकावं. नंतर ते नातं कायद्याच्या लेखी उरत नाही. तिच्या वकिलाने हे स्वतःहून सांगायला हवं.

एवढं करूनही कंपनीने सदस्य नोंदवहीत बदल केला नाही, तर नाव तसंच. नोंदवहीच्या उताऱ्याची प्रत हातात घेतल्याशिवाय सुटका झाली असं समजू नका. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जाता येतं. दहा रुपयांच्या दहा शेअरसाठी वकील लावून मुंबईच्या खंडपीठात खेटे घालायचे? परभणीच्या एखाद्या शिक्षिकेने?

मला संताप येतो तो इथे. संचालकाने राजीनामा दिला आणि कंपनी गप्प बसली, तर तो स्वतः डीआयआर-११ हा फॉर्म भरून कंपनी निबंधकांना कळवू शकतो. ही वाट कायद्यानेच ठेवली आहे. भागधारकाला अशी वाट नाही. ती हवी. पैसे पूर्ण भरलेले शेअर मी मोबदला न घेता सोडतो, असं निबंधकांकडे नोंदवलं, कंपनीला तीस दिवसांची नोटीस गेली, की नाव वगळलं जावं. उरलेल्याला दुसरा माणूस मिळत नसेल, तर त्याने कंपनी एकट्याची करून घ्यावी किंवा बंद करावी. ती अडचण त्याची आहे.