डाव्या पायाची बुलेट

अहो वहिनी, जरा या ना कुंपणापाशी. कुकर होऊ दे, शिट्ट्या मी मोजतेय. कोपऱ्यावरच्या भाऊजींचं अंगण बघितलंत का? गणपतीच्या आधीपासून बुलेट उघडून पडलीय. वर्तमानपत्रावर नटबोल्ट, परातीत क्लचच्या प्लेटा, आणि परात कोणती, तर पुरणाची! त्या घरात सध्या काय वातावरण असेल ते मी सांगायला नको.

छे हो, इंजिनाला काय धाड भरलीय! इंजिन ठणठणीत आहे. चिरंजीवांना पाचवा गियर हवाय. गाडी त्याच्या आजोबांची, जुनी कास्ट आयर्नवाली, चार गियरची. ह्या पठ्ठ्याने जुन्या बाजारातून थंडरबर्डचा पाच गियरचा बॉक्स उचलून आणला. परवा मला म्हणाला, "काकू, चार बोल्ट सोडायचे नि चार आवळायचे."

माझं माहेर गॅरेजवाल्याचं, हे त्याला कुठे ठाऊक? पण पोरगं अगदीच खोटं बोलत नाही हं. जुन्या बुलेटचा गियरबॉक्स इंजिनाच्या पोटात नसतोच. वेगळा असतो, इंजिनाच्या पाठीला चार स्टडवर धरलेला. म्हणून तर हा उद्योग सुचतो. कंपनीनेच इलेक्ट्रा फाइव्ह-एस काढली तेव्हा त्याच जुन्या इंजिनामागे पाच गियर लावून विकली होती. म्हणजे बसतो, त्यात वाद नाही. 2009 साली क्लासिक आली, तिच्यात मात्र इंजिन आणि गियर एकाच घरात. तिचा बॉक्स काढून जुनीला लावतो असं कोणी म्हणालं, तर खुशाल हसा.

काय म्हणालात? तुमच्या भाच्याने आरएक्स हंड्रेडला केलंय? केलं असेल, पुष्कळ पोरं करतात. चार गियरच्या आरएक्सच्या पोटात 135 चे पाच गियर. पण तिथे खोलावं किती लागतं! इंजिन फ्रेमवरून उतरवा, हेड-सिलिंडर काढा, मग क्रँककेसच्या दोन फाका करा, तेव्हा कुठे गियर दिसतात. शिवाय इंजिन नंबर त्याच क्रँककेसवर. नुसते आतले गियर बदलले तर नंबर जागच्या जागी राहतो. पण कंटाळा करून दुसऱ्या गाडीचं अख्खं इंजिनच चढवलं, तर आरसी बुकावर एक नंबर आणि गाडीवर दुसरा. मग आरटीओत जाऊन उत्तरं देत बसा. भाच्याला एकदा विचारून ठेवा बाई.

तर बुलेटचं सांगत होते. बॉक्स बसतो, पण खरी मेख पुढेच आहे. जुन्या बुलेटचा गियर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. पहिला गियर वर, बाकीचे तीन खाली. हा नवा बॉक्स डाव्या पायाचा, आणि त्यात पहिला खाली, बाकीचे वर. सगळंच उलटं. गियर डावीकडे आला की ब्रेकला तिथे जागा कुठली? पॅडल उजवीकडे न्यायचं. पण मागच्या चाकाचा ब्रेक-ड्रम तर डावीकडेच, चेनचं चक्रही त्यालाच. म्हणजे उजव्या पायाचा दाब गाडीच्या पोटाखालून डावीकडे नेणारा आडवा दांडा हवा. तो दांडा, नवं पॅडल, फूटरेस्ट, ब्रेकचा रॉड. यातलं काही आणलंय का त्याने? नुसता बॉक्स घेऊन बसलाय! बॉक्सवाल्याने बॉक्स विकला, बाकीचं गेलं भंगारात.

आणि आजोबा अजून चालवतात ना ती गाडी! रविवारी मंडईत जातातच. आयुष्यभर डाव्या पायाने ब्रेक मारलेला माणूस. समोर रिक्षा आडवी आली की पाय का विचार करणार आहे? डावा पाय दाबतील, ब्रेकऐवजी गियर खाली पडेल, आणि गाडी झटका खाऊन पुढे जाईल. पायांचंच म्हणाल तर, अमेरिकेने सत्तरच्या दशकात नियमच केला, गियर डावीकडे आणि ब्रेक उजवीकडे. ट्रायम्फ-नॉर्टनसारख्या बड्या बड्या इंग्रजी गाड्यांना मुकाट्याने पाय बदलावे लागले. आपली बुलेट मात्र पुढे कित्येक वर्षं उजव्या पायाचाच गियर घेऊन हिंडली. म्हणून तर आपल्याकडे बुलेट चालवणं वेगळं शिकावं लागायचं.

बरं, पाचवा हवा कशाला, तर म्हणे गियर अडकतात. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्येच न्यूट्रल लागतो, नुसतं इंजिन ओरडतं. अहो, ही त्या चार गियरच्या अल्बियन बॉक्सची जुनीच खोड. बाबांकडे अशी गाडी आली की ते आधी वरचं झाकण उघडून आतली गियरची पट्टी बघायचे. दोन नट सैल करायचे, पट्टी सुईभर सरकवायची, गियर वर-खाली करून बघायचे, पुन्हा सुईभर. तासाभरात गिऱ्हाईक खूश. क्लचची केबलही तेव्हाच बघायची, क्लच पुरता सुटत नसला तरी गियर असाच कुरकुरतो. आणि त्या बॉक्सला ती पिटुकली न्यूट्रलची कळ असते ना, सिग्नलला टाच मारली की थेट न्यूट्रल, ती गेली की आजोबांना रोज आठवण येणार.

हायवेवर इंजिन फार ओरडतं, हेच दुखणं असेल, तर पुढचं चक्र एका दाताने मोठं लावावं. चढावर थोडी दमेल, पण सपाटीवर शांत चालेल. बुलेटला त्यासाठी क्लच, प्रायमरी सगळं काढावं लागतं, कारण ते चक्र त्यामागे लपलेलं. पण ह्याने सगळं उघडलंच आहे की! आजच लावून टाकावं.

नाही, तरी त्याला पाचच हवे असतील तर माझं ना नाही. हौसेला मोल नसतं. फक्त त्याच्या आईच्या कानावर घाला : बाजारात नुसता बॉक्स घेऊ नको म्हणावं. पॅडल, आडवा दांडा, फूटरेस्ट, क्लच आणि प्रायमरीची झाकणं, असा एकाच गाडीवरून उतरवलेला अख्खा सेट देणारा बघ. तोवर आजोबांचा जुना बॉक्स विकू नको, तेल लावून माळ्यावर ठेव. आणि पहिलं म्हणजे, ती परात धुऊन परत दे!