आंबोलीचा मंडूकार्थी

सावंतवाडीहून बेळगावकडे जाणारा घाट जिथे संपतो तिथे, समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर उंचीवर वसलेले आंबोली हे गाव वर्षाचे आठ महिने कोणाच्या अध्यात नसते की मध्यात नसते. उरलेल्या चार महिन्यांत तेथे सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि त्या पावसाबरोबर दोन प्रकारची माणसे घाट चढून येतात. पहिल्या प्रकारचा माणूस धबधब्याखाली उभा राहून ओरडतो, भाजलेले कणीस खातो, माकडाला उरलेले कणीस देऊन फोटो काढतो आणि संध्याकाळच्या आत उतरून जातो. जे करायला तो आलेला असतो तेच करून तो जात असल्यामुळे त्याच्याविषयी लिहिण्यासारखे फारसे उरत नाही. दुसऱ्या प्रकारचा माणूस शांततेच्या आणि निसर्गाच्या ओढीने पुण्या-मुंबईहून तासन्‌तास प्रवास करून येतो, दिवसभर झोपतो आणि रात्री भर पावसात चिखलात गुडघे टेकून बेडकाकडे बघत बसतो. हा प्रकार अभ्यासास योग्य असून सोयीसाठी त्याला येथे ‘मंडूकार्थी’ असे म्हटले आहे.

कोणीही जन्मतः मंडूकार्थी नसतो. त्याची सुरुवात इतर चार लोकांप्रमाणे ताडोब्याच्या जिप्सीत, म्हणजे उघड्या टपाच्या सफारी गाडीत होते, आणि तेथे वीस गाड्यांच्या गर्दीतून वाघाची पाठ दिसली की त्याला आपण जंगल पाहिल्यासारखे वाटते. पुढे त्याच गर्दीतील प्रत्येकाकडे तीच पाठ आहे, हे त्याच्या ध्यानात येते आणि वाघाविषयीचे त्याचे अंतिम मत तयार होते: वाघ काय, कोणालाही दिसतो. तेथून तो पक्ष्यांकडे वळतो आणि ‘लाइफर’ मोजू लागतो. लाइफर म्हणजे आयुष्यात प्रथमच पाहिलेला पक्षी, ज्याला नोंद होईपर्यंत अतोनात महत्त्व असते आणि नोंद झाल्यानंतर काहीही नसते. पक्षीनिरीक्षकांची संख्या वाढली की तो फुलपाखरांकडे, मग सापांकडे आणि अखेरीस बेडकांकडे सरकतो. या प्रवासातून जो नियम निष्पन्न होतो तो असा, की प्राणी जसजसा लहान होत जातो तसतशी तो पाहणाऱ्याची प्रतिष्ठा वाढत जाते. वाघ पाहणारा पर्यटक ठरतो, पक्षी पाहणारा निसर्गप्रेमी ठरतो, आणि अंगठ्याएवढा बेडूक पाहणाऱ्याला लोक ‘सर’ म्हणू लागतात.

या नियमाच्या कसोटीवर आंबोलीसारखे दुसरे तीर्थ महाराष्ट्रात मिळणे कठीण आहे. येथील निमसदाहरित जंगल, म्हणजे ज्यातील बरीच झाडे बारमाही हिरवी राहतात आणि काही थोडी पानगळ करतात असे जंगल, आणि त्याला लागून असलेले जांभ्या दगडाचे उघडे पठार, ज्याला स्थानिक लोक ‘सडा’ म्हणतात, या दोहोंनी मिळून उभयचरांचे एक स्वतंत्र संस्थान उभे केले आहे. सड्यावर वावरणारा ‘झँथोफ्रिन टायगेरिना’ हा अंगावर वाघासारखे पट्टे असलेला छोटा भेक (भेक म्हणजे खडबडीत कातडीचा, फारशा उड्या न मारणारा बेडकाचा भाऊबंद) विज्ञानाला 2009 साली ज्ञात झाला. पाय नसलेला, मातीत राहणारा आणि गांडुळाचा हुबेहूब तोतया असलेला ‘गेगेनिओफिस डॅनिएली’ नावाचा देवगांडूळ 2003 साली येथूनच नोंदवला गेला. आणि ज्याचे बेडूकमासे तळ्यात न पोहता ओल्या खडकावरच्या पाण्याच्या पातळ थरात वाढतात तो ‘इंडिराना चिरवासी’ 2014 साली वर्णिला गेला. मंडूकार्थीला ही तिन्ही लॅटिन नावे आणि साले तोंडपाठ असतात. लग्नाचा वाढदिवस त्याला फोन आठवण करून देतो.

त्याची साधनसामग्री पाहिल्यास बेडूक हा प्राणी प्रतिकार करतो असा समज होण्याची शक्यता आहे. कपाळावर बॅटरी, हातात दुसरी बॅटरी, खिशात पहिल्या दोन्ही बंद पडल्यास तिसरी. गुडघ्यापर्यंत गमबूट, त्यांच्या आत जळवा शिरू नयेत म्हणून घट्ट विणीचे मोजे, आणि मोज्यांवर तंबाखूचे पाणी. अंगावर पोंचो, म्हणजे माणसापेक्षा त्याच्या पाठीवरच्या पिशवीची अधिक काळजी घेणारा रेनकोट. आणि गळ्यात मॅक्रो लेन्स लावलेला कॅमेरा, जिच्यातून बेडकाच्या डोळ्यात छायाचित्रकाराचे प्रतिबिंब दिसते. फ्लॅशचा उजेड मऊ पडावा म्हणून त्यापुढे जो पडदा लावतात त्याला ‘डिफ्युझर’ म्हणतात, आणि हजारो रुपयांच्या लेन्सपुढे बसवलेली ही वस्तू मात्र चिप्सचा रिकामा डबा, बटर पेपर आणि चिकटपट्टी यांतून घरीच तयार केलेली असते. तिचा त्याला लेन्सपेक्षा अधिक अभिमान असतो, कारण लेन्स कोणीही विकत घेऊ शकतो.

या शस्त्रसज्ज मनुष्यापुढे जो चालतो तो गावातला वाटाड्या रबरी चपला घालून, डोक्यावर छत्री धरून आणि एकच बॅटरी घेऊन आलेला असतो. शास्त्रीय नावे बहुधा त्यालाही येतात, कारण गेली कित्येक वर्षे संशोधकांना रान त्यानेच दाखवलेले असते. परंतु तो ती विचारल्याशिवाय सांगत नाही, आणि मंडूकार्थी विचारल्याशिवायच सांगत असल्यामुळे तशी वेळही सहसा येत नाही. वहाळाच्या काठी पोहोचल्यावर वाटाड्या एका फांदीवर उजेड टाकून थांबतो. “खंय?” हा प्रश्न मंडूकार्थी आल्या दिवसापासून मालवणीत विचारायला शिकलेला असतो; त्यावर “थंयच आसा हो, पानाखाली,” असे उत्तर मिळते. पान कोणते, हे कळत नाही. डावीकडचे की उजवीकडचे, वाळलेले की हिरवे, वाकलेल्या फांदीच्या वरचे की खालचे, अशी उलटतपासणी होते, मागे उभे असलेले इतर तिघे एकामागून एक “हो, हो, दिसला” म्हणू लागतात, आणि अशा वेळी एकट्याने न दिसल्याचे कबूल करणे हे नग्न होण्यासारखे असल्यामुळे तोही “सुंदर!” असे म्हणून पानाचे एकोणीस फोटो काढतो. रात्री खोलीवर ते मोठे करून पाहताना त्यांपैकी एकाच्या कोपऱ्यात दोन डोळे सापडतात, आणि दुसऱ्या दिवशी तोच फोटो ‘अधिवासातील नैसर्गिक मांडणी’ या सदराखाली दाखवला जातो. इतर तिघांनाही बेडूक दिसलेला नव्हता, ही गोष्ट मात्र त्याला कधीच कळत नाही.

जे दिसते ते खरोखर पाहण्यासारखे असते. मलबारी उडता बेडूक बोटांमधले रुंद पडदे ताणून उंच फांदीवरून खालच्या फांदीवर तरंगत उतरतो. त्याची मादी पाण्यावर वाकलेल्या पानांवर अंडी घालताना अंगातून स्रवलेला द्रव मागच्या पायांनी घुसळून त्याचा फेस करते, त्या फेसाचा बाहेरचा थर वाळून आतली अंडी ओली राहतात, आणि पुढे बेडूकमासे त्यातून थेट खालच्या डबक्यात टपकतात. मंडूकार्थी यातील प्रत्येक टप्पा समजावून सांगू शकतो. पाहू मात्र शकत नाही, कारण मादी फेस घुसळायला वेळ घेते आणि यादीत अजून मलबारी चापडा बाकी असतो. चापडा हा विषारी साप आपले भक्ष्य येईपर्यंत एकाच फांदीवर कैक दिवस न हलता बसून राहतो. संयमाचा एवढा मोठा धडा एवढ्या जवळून देणारा दुसरा शिक्षक नाही, आणि मंडूकार्थी त्याच्यासमोर चार मिनिटे थांबून “हा काही हालचाल करत नाही” असा शेरा देत पुढे निघतो.

सर्वांत मोठी विटंबना सड्यावरच्या भेकाच्या बाबतीत होते. या भेकाची विणीची धांदल पावसाच्या पहिल्या सरींबरोबर सुरू होते. जांभ्याच्या खळग्यांत ओंजळभर पाणी साचले की नर तेथे जमून ओरडू लागतात, आणि खळगा आटण्यापूर्वी सगळे उरकायचे असल्यामुळे अल्पावधीत कार्य पार पडून वऱ्हाड दगडांखाली पांगते. नोकरदार मंडूकार्थीला मात्र सुटी मिळते ती 15 ऑगस्टला जोडून. तो सड्यावर उभा राहून मे-जूनमध्ये येथे काय काय घडले असेल याचे इतके तपशीलवार वर्णन करतो, की ऐकणाऱ्या नवख्यांना तो तेव्हा हजर होता असे वाटते, आणि हा गैरसमज तो दूर करत नाही.

नीतीच्या बाबतीत तो कडक असतो. बेडूक फुप्फुसांखेरीज ओलसर कातडीतूनही श्वास घेतो, या क्रियेला त्वचाश्वसन म्हणतात, आणि म्हणून घामाचा किंवा डास पळवणाऱ्या मलमाचा हात त्याला लावणे म्हणजे त्याच्या श्वासात विष कालवणे होय, हे तो प्रत्येक नवख्याला सुनावतो. तो स्वतः बेडकाला कधीही हात लावत नाही. बेडूक ज्या पानावर बसलेला असतो ते पान तो थोडे वळवतो, आड येणारी डहाळी चिमट्याने बाजूला बांधतो, पार्श्वभूमी काळी यावी म्हणून मागे उभ्या असलेल्या माणसाला छत्री धरायला लावतो, आणि इतकी व्यवस्था होऊनही बेडूक तोंड फिरवून बसला, तर गवताची काडी जवळ नेतो. कारण गवताची काडी म्हणजे हात नव्हे.

त्याच्याबरोबर कुटुंब आलेले असल्यास त्याचा स्वतंत्र विचार करावा लागतो. पत्नीला हवापालटाचे आणि मुलांना धबधब्याचे वचन दिलेले असते. हॉटेलच्या खोलीत तीन दिवसांत एकही कपडा वाळत नाही, वीज आपल्या मर्जीने येते-जाते, आणि धुके इतके दाट असते की कावळेसादच्या कड्यावर उभे राहून दरी कोणत्या बाजूला आहे हे दुसऱ्याला विचारावे लागते. पत्नी पहिल्या दिवशी सहन करते, दुसऱ्या दिवशी “बेडूक आपल्या सोसायटीच्या गटारातही होता” असे म्हणते, आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांना घेऊन हिरण्यकेशीच्या देवळात जाते. जिथे हिरण्यकेशी नदी उगम पावते तेथील कुंडात ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हा 2020 साली वर्णिलेला चिमुकला मासा राहतो आणि त्याच्यासाठी ही जागा 2021 साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाली आहे, हे कळताच मंडूकार्थीची देवदर्शनाची ओढ एकाएकी वाढते. कुंडाच्या एका काठाला भाविक पाण्यावर वाकून हात जोडतात आणि दुसऱ्या काठाला तो पाण्यावर वाकून लेन्स जोडतो. पुण्य कोणाच्या खात्यावर किती जमा होते हे सांगणे अवघड असले, तरी बराच वेळ वाकून राहण्याच्या कसोटीवर तोच अधिक भाविक ठरतो.

त्याच्या वृत्तीतली खरी विसंगती मात्र रस्त्यावर उघडी पडते. पावसाळी रात्री बेडूक आणि देवगांडूळ रस्ता ओलांडतात आणि मोटारींखाली चिरडले जातात. मंडूकार्थी अशा चपट्या झालेल्या देहाजवळ थांबून, त्याचाही फोटो काढून, बेफिकीर पर्यटकांविषयी मनापासून हळहळतो आणि मग आपल्या मोठ्या चाकांच्या गाडीत बसून उरलेला रस्ता कापतो. जंगलात जायचे तर गाडी दणकट हवी, असे त्याचे मत असते.

एवढे असूनही त्याला निकालात काढणे न्यायाचे होणार नाही. त्याने हौसेपोटी काढलेल्या प्रत्येक फोटोवर तारीख आणि ठिकाण असते, आणि कोणता बेडूक कोणत्या आठवड्यात कोठे बोलू लागला हे जाणून घेण्यासाठी अभ्यासकांना अशाच नोंदी लागतात. मिरवण्यासाठी केलेली यादीही यादीच असते, आणि विज्ञान तिच्यामागचा हेतू विचारत नाही. पावसाळी रात्री वाटाड्याला मजुरी मिळते ती धबधब्याखाली ओरडणाऱ्यांमुळे नव्हे, तर त्याच्यामुळे. आणि बेडकांच्या ज्या ओरडण्याला पूर्वी कोणी विचारत नव्हते त्यासाठी माणसे घाट चढून येतात हे पाहिल्यावर, सड्याचा दगड फोडण्यापेक्षा तो तसाच राहू द्यावा, असे म्हणायला गावातल्या माणसाच्या हाती एक कारणही येते.

शिवाय मंडूकार्थीच्या प्रगतीचा नियम अद्याप चालूच आहे. आंबोलीत येणाऱ्या मंडूकार्थींची संख्या वाढल्यामुळे बेडूक आता कोणालाही दिसतो, असे मत जुन्याजाणत्यांमध्ये बळावत असून त्यांतले काही कोळ्यांकडे, काही गोगलगायींकडे आणि अगदी पुढे गेलेले बुरशीकडे वळले आहेत. याच वेगाने उतरत गेल्यास एखाद्या वर्षी तो जांभ्यावरच्या शेवाळापाशी येऊन ठेपेल. शेवाळ पळत नाही, तोंड फिरवत नाही, त्याला काडी दाखवून उपयोग नसतो आणि सुटी कधीही घेतली तरी पावसाळाभर ते जागेवरच असते. तेव्हा करण्यासारखे दुसरे काहीच न उरल्यामुळे मंडूकार्थी तेथे नुसता बसून राहील, आणि चापड्याने इतकी वर्षे फुकट चालवलेल्या शिकवणीची पहिली फी त्या दिवशी वसूल होईल.